टॅबलेटवर ॲनिमे चित्रं: रेघ आणि रंग हातात येईपर्यंत

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे चित्रकला मला परकी नव्हती. पण पडदा नसलेला पेन टॅबलेट घेतला आणि हात टेबलावर, नजर समोरच्या लॅपटॉपवर, हे जमवण्यातच कितीतरी संध्याकाळी गेल्या. जे आत्ता सुरुवात करताहेत त्यांना पहिल्यांदा हेच सांगते: ड्रायव्हरच्या (टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये जाऊन टॅबलेटचं आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवून घ्या. माझा टॅबलेट १६:१०, स्क्रीन १६:९. प्रमाण जुळलेलं नसलं की हातानं गोल काढला तरी स्क्रीनवर किंचित लंबगोल उमटतो आणि आपण हाताला दोष देत बसतो. ॲनिमेतला, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधला, चेहरा मोजक्या रेघांवर उभा असतो. तेवढ्या फरकानंही डोळे वेगळे दिसायला लागतात.

चित्रं काढायला सॉफ्टवेअर वापरते ते क्रिता. फुकट आहे आणि शिकायला पुरून उरतं. क्लिप स्टुडिओ पेंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला व्हेक्टर लेयर (लेयर म्हणजे चित्राचा एक वेगळा थर) मात्र खरंच कामाचा आहे: दोन रेघा एकमेकींना छेदून पुढे गेल्या तर छेदापर्यंतचा तुकडा एका फटक्यात पुसला जातो. केसांच्या बटा काढताना त्याची फार आठवण येते.

खरा वेळ घेतला तो रेघेनं. क्रितामध्ये ब्रशला स्टॅबिलायझर लावता येतो. पेन पुढे जातो, रेघ मागून सावकाश येते, आणि हाताची थरथर गाळली जाते. दिसायला रेघ गुळगुळीत होते, पण सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, एकाच वेगाच्या, जीव नसलेल्या. तेव्हा मला आमच्या नागपूरच्या महाल भागातले पेंटर काका आठवले. दुकानांच्या पाट्या आणि शटर रंगवण्यात त्यांची उभी हयात गेली. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, तरी कुणाला हातानंच नाव हवं असलं की आजही त्यांनाच बोलावतात. एका शटरवर ते ‘श्री’ काढत होते आणि मी शेजारी उभी होते. वेलांटी सुरू करण्याआधी त्यांनी कोरडाच ब्रश हवेत दोनदा त्याच वळणावरून फिरवला, श्वास घेतला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात कुठेही न थांबवता ती वेलांटी पत्र्यावर उतरवली. वळणावर रंग जाड, टोकाला केसासारखा बारीक. मी टॅबलेट नेऊन दाखवला तेव्हा काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पोरी, तू मनगटानं काढून राहिली. लांब रेघ खांद्यातून यायला पाहिजे. अन् ब्रश टेकवायच्या आधी रेघ कुठं संपते ते पाहून ठेव.”

त्यांचं दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. पेन टेकवण्याआधी नजर रेघेच्या शेवटच्या बिंदूवर ठेवायची, हवेत एकदा हात फिरवायचा आणि मग काढायची. नाही जमली तर कंट्रोल-झेड, आणि पुन्हा तीच रेघ पूर्ण. तुकडे जोडून, वरून गिरवून केलेली रेघ लगेच कळते. कॅनव्हास फिरवायची सवयही लागली. क्रितामध्ये ४ आणि ६ च्या बटणांनी तो फिरतो, ५ नं सरळ होतो. हाताला ज्या दिशेनं ओढायला सोपं जातं, चित्र त्या दिशेला वळवून घ्यायचं. एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. एक डोळा वर गेलेला असेल तर तिथेच उघडा पडतो. स्टॅबिलायझर आता मी अगदी थोडा ठेवते.

मग जाडी. मंगा (जपानी चित्रकथा) काढणारे शाईत बुडवायचं जी-पेनचं निब वापरत आले आहेत. दाब दिला की ते फाकतं आणि रेघ जाड होते. टॅबलेटच्या पेनातला दाब त्याचंच काम करतो. बाहेरची कड जरा जाड, आतल्या चुण्या बारीक, हनुवटीखाली, कानामागे, बटा एकमेकींवर येतात तिथे दाब जास्त. दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात काळा इवलासा त्रिकोण भरला की तिथे सावली असल्याचा भास होतो, आणि रंग नसतानाही चित्राला खोली येते. वरच्या पापणीची रेघ तर मी वेगळ्या लेयरवरच काढते, कारण सगळा भाव तिच्यात असतो.

उन्हाळ्यात एक वेगळी अडचण. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. कूलर चालू असला तरी तळहात घामेजतो, टॅबलेटला चिकटतो आणि लांब रेघ मध्येच अडकते. करंगळी आणि शेजारचं बोट झाकणारा हातमोजा मिळतो, तो घ्याच.

पण रंगवणं मला त्या उन्हानंच शिकवलं. सुरुवातीला मी गालावर, केसांत मऊ ब्रशनं रंग एकमेकांत मिसळत बसायची आणि चित्र धुरकट व्हायचं. जुना ॲनिमे सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ तावावर, बनायचा. पुढच्या बाजूला रेघ, मागच्या बाजूनं रंगाचे सपाट तुकडे. त्यावर रंग मिसळणं अवघड, म्हणून एक मूळ रंग, एक सावलीचा रंग आणि मध्ये स्वच्छ हद्द. सावलीची हद्द कुठून जाईल हे ॲनिमेटर रेखाटनातच रंगीत पेन्सिलीनं आखून देतात. म्हणजे सावलीचा आकार रंगवण्याआधीच ठरलेला असतो. दुपारी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) उभं राहून माणसांच्या चेहऱ्यांकडे बघितलं तेव्हा हे नीट कळलं. डोक्यावरच्या उन्हात कपाळाखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावलीची धार अशी पडते की तिची कड बोटानं दाखवता येईल. तेव्हापासून मी आधी एका लेयरवर निळ्या रेघेनं सावल्या आखते, मगच रंगाला हात लावते.

त्याच सुमारास तान्हा पोळ्याचं चित्र घेतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा (पोरांना मिळणारे पैसे-खाऊ) मागायला निघालेली एक मुलगी. ती मला सावळी हवी होती, आमच्या गल्लीतल्या पोरींसारखी. तयार रंगपट्ट्या घेतल्या तर त्वचा बहुतेक फिकट गुलाबीच निघते. नुसता गडद रंग भरूनही भागत नाही, कारण मूळ रंगात काळा मिसळून केलेली सावली त्वचेवर राखेसारखी दिसते. तांबूस तपकिरी मूळ रंग, सावली लालसर जांभळ्याकडे झुकलेली, गालावर गुलाबीऐवजी विटकरी, आणि चेहऱ्याच्या आतल्या रेघा काळ्याऐवजी गडद तपकिरी. एवढं केल्यावर ती जिवंत दिसायला लागली. केस पूर्ण काळे भरले की त्यात रेघ बुडते, म्हणून निळसर गडद रंग आणि त्यावर फिकट निळी चकाकी.

मूळ रंग भरायला क्रितातला कलराइझ मास्क वापरला. प्रत्येक भागात त्या रंगाचा एक फराटा ओढायचा, बाकीचा भाग तो रेघ बघून भरतो. सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद होतो, आणि खालच्या रंगाच्या बाहेर सांडू नये म्हणून ‘इनहेरिट अल्फा’ चालू करून. आणि सगळ्यात वर राखाडी रंगानं भरलेला एक लेयर कलर मोडवर, तो लागेल तेव्हा चालू करायचा. सगळं चित्र कृष्णधवल दिसतं आणि मुलगी पाठीमागच्या भिंतीत विरघळतेय का ते लगेच समजतं. माझी विरघळत होती. भिंत उजळ केली.

ए-फोर आकारात ३०० डीपीआयवर प्रिंट काढली तेव्हा केसांतला निळा स्क्रीनवरच्यापेक्षा मळकट आला, म्हणून छापायच्या फाइलमध्ये तो थोडा उजळ ठेवते. प्रिंट काकांना दाखवली. त्यांनी बैलाच्या शिंगाच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे जमलं. दोरी धरलेला हात पुन्हा काढ.” सध्या तेच चालू आहे, नुसते हात: दोरी धरलेले, मूठ वळलेले, बोजाऱ्यासाठी पुढे केलेले.