अडीच मिलिमीटरांत गेलेले तीन आठवडे: एकच सायकल, अपडेट सहावा

मंडळी, काल सकाळी पुण्याजवळचा पाबे घाट एकदाही पाय न टेकता चढलो. खानापूरचं वळण सोडल्यापासून थेट खिंडीपर्यंत, ४० मिमीच्या टायरांवर. सप्टेंबरच्या अपडेटमध्ये याच घाटात सायकल ढकलत नेल्याचं लिहिलं होतं, ते काहींना आठवत असेल. खिंडीत पोहोचलो तेव्हा तोरणा ढगातून अर्धा बाहेर आला होता, आणि मी मात्र खाली वाकून पुढचा डिरेलर (पेडलजवळ चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बघत होतो. गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

सायकल तीच आहे. ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, शिमानोचा टियाग्रा ४७०० हा १० स्पीडचा गिअरसंच. डांबर आणि मुरूम दोन्हींसाठी एकच सायकल ठेवायची, हा हट्टही तोच. फ्रेमबद्दल मी समाधानी आहे, ४० मिमीचं टायर चिखलासकट फिरतं. खटकत होते ते गिअर. पेडलच्या क्रँकवर ५० आणि ३४ दातांच्या दोन रिंगा (५०/३४) आणि मागच्या कॅसेटवर ११ ते ३४ दातांचे दातेरी, म्हणजे सर्वांत हलका गिअर एकास एक. डांबरावर ठीक, पण जाड टायर, सुटी खडी आणि उभा चढ एकत्र आले की ताशी ६ किमीच्या वेगाला माझे पाय मिनिटाला जेमतेम ४५ फेऱ्या मारत. एवढ्या संथ, जोरकस फेऱ्यांत मागचं चाक खडीवर घसरतं आणि मग उतरावंच लागतं.

म्हणून ४६/३० क्रँक घ्यायचं ठरवलं. जुन्याच क्रँकवर लहान रिंग का नाही लावली, असं दोघांनी विचारलं होतं. त्या ११० मिमीच्या बोल्टवर्तुळात (रिंग ज्या बोल्टांनी आवळतात त्यांच्या वर्तुळात) ३०ची रिंग बसतच नाही. शिमानोच्याच, खडीच्या सायकलींसाठीच्या जीआरएक्स मालिकेतल्या आरएक्स ६००मध्ये आतल्या रिंगसाठी ८०चं वेगळं वर्तुळ दिलंय, म्हणून तिथे जमतं. त्यातला १० स्पीडचा क्रँक मिळवला. २४ मिमीचा ॲक्सल जुन्याच बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकच्या बेअरिंगमध्ये) अलगद गेला, डाव्या आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने १२ ते १४ न्यूटन मीटरच्या मधे आवळले, मोठी रिंग चार दातांनी लहान झाली म्हणून चेनच्या दोन कड्या काढल्या. तासाभराचं काम. (टॉर्क रेंच अजून घेतला नसेल तर पुढचं कुठलंही सामान घेण्याआधी तो घ्या. कार्बन सीटपोस्टसाठी तर लागतोच.)

आणि मग घासणं सुरू झालं. पुढे मोठी रिंग, मागे शेवटचे चार लहान दातेरी, की चेन डिरेलरच्या पिंजऱ्याच्या (चेन ज्या दोन पट्ट्यांमधून जाते त्यांच्या) बाहेरच्या पट्टीला घासायची. नेमके तेच गिअर, जे खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर सगळ्यात जास्त लागतात.

पुढचा डिरेलर मी जुनाच, टियाग्राचा ठेवला होता. ठेवण्याला कारणही होतं. तो दोन रिंगमधला १६ दातांचा फरक झेलतो, आणि ४६ वजा ३० म्हणजे बरोबर १६. कागदावर हिशेब चोख जुळत होता, त्यामुळे चूक माझ्या बसवण्यातच असणार असं धरून चाललो. पहिला आठवडा पिंजरा किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे मर्यादा-स्क्रू फिरवण्यात गेला. बाहेरच्या बाजूचा एच स्क्रू पूर्ण उघडला, फरक नाही. तार ताणली, तर पिंजरा थोडा बाहेर सरकला, पण सरकताना वरही उचलला गेला. पट्टी आणि रिंगचे दात यांत १ ते ३ मिमी जागा हवी, ती वाढली आणि शिफ्ट सुस्त झाली. डिरेलर खाली घेतला, पिंजरा अंशभर वळवला, तर आता लहान रिंगवर मागून घासायला लागला. दुसऱ्या आठवड्यात तार आणि तिचं आवरण दोन्ही बदलले. घासणं तसंच. शिवाय या डिरेलरचा, तार जोडलेला लांब दांडा ४०च्या टायरपासून नखभर अंतरावर, म्हणजे थोडा चिखल चिकटला की तिथेही घासणार.

ज्या दुकानातून क्रँक घेतला तिथे फोन केला, तर म्हणाले, "सेट होईल सर, नवीन आहे ना, रुळेल." चेन रुळते, डिरेलर रुळत नाही. सुटं सामान विकणाऱ्याने निदान ते कशाशी जुळतं एवढं तरी सांगायला हवं.

शेवटी सायकल घेऊन पेठेतल्या आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. सायकलच्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटून कॅसेटवरून पुढे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुझ्या रिंगाच बाहेर आल्यात. हा डिरेलर बिचारा कितीही ओढलास तरी तिथवर जाणार नाही."

घरी येऊन जुना क्रँक परत लावला, सीट ट्यूबपासून मोजलं, नवा लावून पुन्हा मोजलं. काका बरोबर होते. जीआरएक्सची चेनलाइन (सायकलच्या मध्यरेषेपासून रिंगांचं अंतर) रोड क्रँकपेक्षा २.५ मिमी बाहेर आहे. शिमानोने ते मुद्दाम केलंय, म्हणजे जाड टायर आणि डिरेलर यांच्यात जागा राहते. म्हणून या क्रँकबरोबर जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर लावायचा असतो. मी दात मोजले, चेनलाइन मोजली नाही. असा मिश्र संच जुळवत असाल, तर चेनलाइनचा आकडा सगळ्यात आधी बघा.

जीआरएक्सचाच आरएक्स ४०० पुढचा डिरेलर मागवला. १० स्पीडचाच, त्यामुळे हँडलवरचे टियाग्राचे लिव्हर तसेच राहिले. ब्रेझ-ऑन पद्धतीचा (वेगळ्या क्लॅम्पवर बसवता येणारा) आहे, जुना क्लॅम्पही चालला. लांब दांडा गेला, टायरजवळ आता बोटभर मोकळी जागा आहे. स्टँडवर पहिल्यांदा ४६ वर टाकून मागे ११ पर्यंत आलो आणि पेडल फिरवत राहिलो. काही म्हणजे काही आवाज नाही. बायको आतून विचारायला आली, "झालं का?" तिलाही त्या घरघरीची सवय झाली होती.

काल पाब्यात ताशी ६ लाच पाय ५१-५२ फेऱ्या मारत होते. आकड्यात फरक लहान दिसतो, पण मागचं चाक एकदाही सुटलं नाही. वरच्या बाजूला काय गमावलं? मिनिटाला ९० फेऱ्यांना आधी ताशी ५४ जायचो, आता साधारण ५०. २०० किमीच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी १५ सुद्धा लागत नाही. मला ५०ची रिंग आठवणार नाही.

पुढचा बेत दुसऱ्या व्हीलसेटचा (चाकांच्या जादा जोडीचा) होता. एका जोडीवर २८, एका जोडीवर ४०, शनिवारी रात्री बदलायची. पण हे लिहिता लिहिता गेल्या दोन महिन्यांच्या राइड पाहिल्या, तर निव्वळ डांबराचा किंवा निव्वळ कच्च्याचा रविवार जवळजवळ नाहीच. धरणापर्यंत डांबर, मधे गावरस्त्याचा मुरूम, परत डांबर. मुठा उजव्या कालव्याकडे जायचं तरी हडपसरपर्यंत रस्त्यानेच. मग घरी टांगलेल्या चाकांचा काय उपयोग? शिवाय दोन वेगळ्या हबवर डिस्क ब्रेकचे रोटर एका रेषेत आणायला शिम (पातळ चकत्या) घालत बसायचं, म्हणजे पुन्हा मिलिमीटरांचा खेळ.

तेव्हा व्हीलसेट रद्द. त्याऐवजी ३५ मिमीची ट्यूबलेस टायर (आत ट्यूबऐवजी भोकं बुजवणारं सीलंट), मधे गुळगुळीत आणि कडेला बारीक दाणे असलेली, कायमची. कालव्याकाठच्या बाभळींमुळे ट्यूबलेसवर तडजोड नाही. गेल्या वेळी मागच्या टायरातून सात काटे उपटले, सगळी भोकं सीलंटने बुजवली होती. माझं वजन ७४ किलो, त्यामुळे ३५ला मागे ४८ आणि पुढे ४५ पीएसआयपासून सुरुवात करीन. याच मापाची टायर कुणी मुरमावर एखादा हंगाम चालवली असतील तर कडेचे दाणे किती टिकले ते जरूर सांगा, पुढच्या आठवड्यात ऑर्डर टाकायची आहे. उरलेल्या पैशांत क्लचवाला (चेन ताणून धरणारा) आरएक्स ४०० मागचा डिरेलर येईल. उतारावर चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीवर) चेन अजून आपटते, आणि पुढची घरघर थांबल्यापासून तो आवाज फारच स्पष्ट ऐकू यायला लागलाय.