पलुस्करांना पडलेली मतं

इंटरनेटवर लोकांनीच मिळून भरलेल्या रेकॉर्डांच्या सूचींवर माझं प्रेम आहे, म्हणूनच नोंद बरोबर की चूक यावर तिथे होणाऱ्या मतदानावर इतका राग आहे. मी नाशकात एका कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम करते. संध्याकाळी पंचवटीत मामाकडे जाते आणि त्याच्या कपाटातल्या रेकॉर्ड एकेक करून या सूचींमध्ये चढवते. लेबल, तबकडीच्या कडेला कोरलेला नंबर, कव्हरची मागची बाजू, सगळं बघून.

अशाच एका साइटवर ‘बैजू बावरा’मधल्या जुगलबंदीची नोंद सापडली. अमीर खाँसाहेबांच्या जोडीला गायक म्हणून नाव होतं व्ही. डी. पलुस्कर. म्हणजे विष्णु दिगंबर. ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आमच्या नाशकात रामनाम आधार आश्रम उभा केला, ते. विष्णु दिगंबर १९३१ साली गेले, सिनेमा आला १९५२ साली. गायलेत ते त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, जन्म नाशिकचा. बापलेकांच्या नावात आद्याक्षरं उलटसुलट असतात, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नोंद करणाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. पण त्या नोंदीला ‘बरोबर’ म्हणून दोन जणांनी मत दिलेलं होतं!

मला त्या दोघांची मतं छळतात. त्यांनी काय तपासलं असेल? कॅटलॉग नंबर, बाजू, बहुधा कव्हरचा फोटो. तेवढं सगळं बरोबरच होतं. मत मात्र अख्ख्या नोंदीला पडतं. मी फक्त नंबर पाहिला, गायकाबद्दल मला सांगता येणार नाही, असं म्हणायला जागाच नाही. डिस्कॉग्ज या अशाच मोठ्या साइटवर ‘पूर्ण आणि बरोबर’पासून ‘सर्वस्वी चूक’पर्यंत पायऱ्या आहेत, पण त्याही संपूर्ण नोंदीलाच लागतात. पुढे येणारा माणूस मतं बघतो आणि ही नोंद तपासून झाली असं समजून निघून जातो. मत नसतं तर निदान त्यानं स्वतः पाहिलं असतं.

म्युझिकब्रेन्झ या दुसऱ्या सूचीची रीत वेगळी आहे. तिथे बरेचसे बदल सात दिवस मतासाठी उघडे राहतात. एकमुखानं तीन ‘होय’ पडले तर बदल आधीच लागू होतो. आणि कोणीच काही बोललं नाही, तर मुदत संपल्यावर आपोआप लागू होतो. जिथे हजारो डोळे फिरतात, त्या इंग्रजी रॉक बँडांसाठी हा नियम ठीक आहे, तिथे गप्प बसण्याचा अर्थ बहुतेक वेळा संमती असाच होतो. मराठी नाट्यसंगीताच्या ईपीवर, म्हणजे चार-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, आठवडाभर कोणी बोललं नाही, याचा अर्थ तिकडे कोणी फिरकलंच नाही. दोन्ही ठिकाणचं गप्प राहणं एकाच मापानं मोजलं जातं. शिवाय दोन कलाकार एकत्र केले, मर्ज केले, की ते पुन्हा वेगळे करणं फार जिकिरीचं. आणि ही माहिती तिथेच थांबत नाही. पिकार्डसारख्या सॉफ्टवेअरमधून ती लोकांच्या गाण्यांच्या फाइलींना चिकटते.

उलटंही घडतं, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या एका साइटवर कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर असे दोन गीतकार होते. कवितांवरच्या गाण्यांना पहिलं नाव, ‘ययाति आणि देवयानी’मधल्या पदांना दुसरं. नाशकात रिक्षावाल्यालाही विचारा. दोन्ही नावं एकाच कलाकाराखाली आणावीत, लेबलावर जे छापलंय ते तसंच दिसू द्यावं, असं मी सुचवलं. पुराव्यादाखल पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचा फोटो जोडला. तीन ‘नाही’ पडले. नावांत साम्य नाही, पुरावा वाचता येत नाही, अशी कारणं होती. तिघेही सूचीचे नियम कोळून प्यालेले जुने सदस्य. ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही, जे वाचता येत नाही त्याला मान्यता देऊ नये हे मलाही पटतं. पण ‘मला वाचता येत नाही’ आणि ‘हे चूक आहे’ यांना एकच बटण कसं काय असू शकतं? तटस्थ राहायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. ती कोणी वापरत नाही, कारण तिनं काही ठरत नाही.

आमच्या ग्रंथालयात हा प्रश्न मतानं सुटत नाही. नावांची एक अधिकृत सूची असते, एका नावाखाली गेलात की ‘पाहा’ म्हणून दुसऱ्याकडे पाठवलं जातं, आणि तो निर्णय कशावरून घेतला तेही लिहून ठेवलेलं असतं. दहा जणांनी हात वर केले म्हणून कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज एक होत नाहीत. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, तेव्हा शिरवाडकर शाळकरी वयाचे होते. हे तारखांनी ठरतं.

मतदान काढून टाका असं मला म्हणायचं नाही. एकेकाळी डिस्कॉग्जवर नोंदी मंजूर करायला नियंत्रक असायचे, त्यांच्यापुढे नोंदींच्या रांगा लागत. पण मत देताना ‘माझ्या हातात तबकडी आहे’ किंवा ‘मी फक्त फोटो पाहिला’ एवढं सांगणं सक्तीचं करता येईल. गायक, वर्ष, नंबर यांना वेगवेगळं मत घेता येईल. आणि कोणीच न पाहिलेल्या नोंदीवर ‘कोणीही पाहिलेली नाही’ असं ठळक लिहिता येईल. त्यातलं शेवटचं तर आजही करता येण्यासारखं आहे.

तोवर माझी नाशिककरांना एक विनंती आहे. म्युझिकब्रेन्झवर खातं दोन आठवड्यांचं झालं आणि तुमचे दहा बदल स्वीकारले गेले की मत देता येतं. घरातल्या दहा रेकॉर्डमध्येही तेवढे बदल सहज निघतात. नाट्यसंगीतापासून सुरुवात करा, तिथे माणसं सर्वांत कमी आहेत. लेबलाचा फोटो घ्या, नाव जसं छापलंय तसंच उतरवा, आणि एखादी गोष्ट कशावरून कळली हे टिपणात मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहा. पलुस्करांची ती नोंद मी दुरुस्त केली आहे. तिला अजून एकही मत पडलेलं नाही.