नाव माझं, दार परक्याचं

सकाळी सात-वीसला काकांचा फोन आला. "अगं, आपलं नोंदींचं पान उघडत नाहीये. आधी इशारा आला, मी तरीही पुढे गेलो, तर कुठल्याशा राउटरचं लॉगिन समोर आलं. पासवर्ड मागतंय. मी टाकलेला नाही हं."

पासवर्ड टाकला नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, त्याचं मला आजही बरं वाटतं.

आम्ही सहा जण हौसेने पावसाच्या नोंदी ठेवतो. प्रत्येकाकडे एक पर्जन्यमापक आहे. आत छोटं उलटणारं भांडं असतं आणि 0.2 मिमी पाऊस साठला की ते एकदा कलतं. मोजलेला आकडा दर 10 मिनिटांनी माझ्या घरच्या सर्व्हरकडे येतो. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, पण कामावरच्या यंत्रांना कायमचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे क्रमांक, असतात. घरच्या जोडणीला तसा नाही. पुरवठादार देईल तो आपला. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत, टाकली होती. दर 5 मिनिटांनी ती बाहेरच्या एका सेवेला "माझा पत्ता काय?" असं विचारायची, उत्तर फाईलमधल्या जुन्या पत्त्याशी ताडून बघायची आणि फरक दिसला तर डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीला, नवा पत्ता कळवायची. मधल्या 11 महिन्यांत पत्ता एकदाही बदलला नव्हता. स्क्रिप्ट बिनचूक आहे असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे तिच्यावर काम करायची वेळच आली नव्हती.

मी घरून पान उघडलं तर ते लगेच उघडलं. घरातला डीएनएस त्या नावाला थेट आतला 192.168 ने सुरू होणारा पत्ता देतो, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते घरात बसून कळतच नाही. पण आलेखातल्या सहाही रेषा पहाटे 2:40 ला थांबल्या होत्या. सहा घरांची मापकं एकाच क्षणी बंद पडत नाहीत. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच नाव टाकलं, आणि काकांनी पाहिलेला इशारा मलाही दिसला. समोर आलेलं प्रमाणपत्र, म्हणजे नावाची ओळख पटवणारा दाखला, एका राउटरने स्वतःच स्वतःला दिलेलं होतं. मी तिथूनच मागे फिरले, कारण पलीकडे कोणाचं तरी घर होतं.

माझ्या राउटरच्या लॉगमध्ये सगळं सरळ लिहिलेलं होतं. 2:44 ला जोडणी तुटली, 2:46 ला नव्या पत्त्यावर परत आली. जुना पत्ता दुसऱ्या ग्राहकाकडे गेला होता. आयपीव्ही4 चे एकूण पत्ते सुमारे 429 कोटी, आणि वाटायला उरलेला मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. सुटलेला पत्ता कोणी रिकामा ठेवत नाही. पण माझं नाव अजून त्याच पत्त्याकडे बोट दाखवत होतं.

मग स्क्रिप्टने काय केलं? तिच्या लॉगमध्ये 2:50 ला "पत्ता बदलला, कळवला" अशी ओळ होती. त्यानंतर दर 5 मिनिटांनी "बदल नाही", अशा पन्नासहून जास्त ओळी. सविस्तर उत्तरं मी वेगळ्या फाईलमध्ये साठवते, ती उघडली तेव्हा उलगडा झाला. 2:50 ला डीएनएस सेवेकडून 503 आला होता, म्हणजे सेवा क्षणभर उपलब्ध नव्हती. निरोप पाठवायला मी कर्ल नावाचं साधन वापरलं होतं, पण "फेल" हा पर्याय दिला नव्हता. तो दिला नाही तर 503 आला तरी कर्ल यशाचाच संकेत, म्हणजे शून्य, परत करतं. सर्व्हरशी बोलणं झालं एवढंच ते बघतं, तो काय म्हणाला ते नाही. स्क्रिप्टने शून्य पाहिला, काम झालं असं मानलं आणि नवा पत्ता फाईलमध्ये लिहिला. पुढे ती स्वतःच्याच वहीशी स्वतःचं उत्तर ताडत बसली. डीएनएसमध्ये खरोखर काय लिहिलंय हे तिने एकदाही विचारलं नाही, कारण मी ते लिहिलंच नव्हतं.

7:45 ला मी पत्ता हाताने बदलला. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर इतरांनी किती वेळ जपून वापरायचं ती मुदत, 3600 सेकंद ठेवला होता, तोही मीच. म्हणजे काही ठिकाणी जुनं उत्तर आणखी तासभर टिकणार होतं.

तो तास फार वाईट गेला. पान बंद पडल्याचं दुःख नव्हतं, ते पडतं आणि उठतं. पण लेट्स एन्क्रिप्टसारखी प्रमाणपत्रं देणारी संस्था एखाद्या नावावर ताबा कोणाचा हे बरेचदा त्या नावाच्या पत्त्यावर पोर्ट 80 वरची, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातली, एक फाईल मागून तपासते. तेव्हा त्या पाच-सहा तासांत त्या पत्त्यावरच्या कोणालाही माझ्या नावाचं खरंखुरं प्रमाणपत्र मिळवता आलं असतं. मी प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी शोधल्या. माझ्याखेरीज कोणी काही घेतलेलं नव्हतं. त्याच बैठकीत डीएनएसमध्ये सीएए नोंद घातली, की या नावाला अमुक संस्थेनेच आणि माझ्याच खात्यावर प्रमाणपत्र द्यावं. एचएसटीएसही चालू केलं. आता एकदा पान पाहिलेल्या ब्राउझरला इशारा ओलांडून पुढे जाता येणार नाही.

साडेआठच्या सुमारास मापकं एकेक करून परत आली. पाच जणांनी मधल्या सगळ्या नोंदी ओतल्या. प्रमाणपत्र जुळेना म्हणून त्यांनी परक्या दारात काही ठेवलंच नव्हतं, स्वतःजवळ साठवून वाट पाहिली होती. सहावं काकांचं. ते सगळ्यांत जुनं, त्याच्या मेमरीत एचटीटीपीएस, म्हणजे प्रमाणपत्र तपासून कुलूपबंद बोलणं, मावत नाही, म्हणून ते साध्या एचटीटीपीने बोलतं. त्याने 34 वेळा आपली नोंद आणि सोबत माझ्या सर्व्हरला ओळख पटवायची आपली गुप्त खूण त्या अनोळखी राउटरला दिली. राउटरने दर वेळी लॉगिनचं पान आणि 200 हा आकडा, म्हणजे "ठीक आहे", परत पाठवला. मापकाने 200 पाहिलं, पोचलं असं समजलं आणि नोंद पुसून टाकली.

माझ्या स्क्रिप्टने 503 ला होकार मानलं, त्याने परक्याच्या 200 ला. दोन्ही मीच लिहिलेलं. आणि नेमका त्याच रात्री पाऊस पडला होता.

खूण तेव्हाच बदलली. संध्याकाळी केबल घेऊन काकांकडे गेले. आता ते मापक खूण पाठवत नाही, तिच्यावरून प्रत्येक नोंदीवर सही करतं. एवढं गणित त्याला झेपतं. आणि सर्व्हरच्या उत्तरात त्याच नोंदीचा क्रमांक व सर्व्हरची सही परत आली तरच नोंद पुसतं. स्क्रिप्ट आता फाईल बघत नाही, आमच्या नावाची मूळ नोंद ज्या सर्व्हरवर आहे त्यालाच विचारते. टीटीएल 300 केला.

माझं काम चालू असताना काकांनी त्यांची वही आणली. यंत्र आलं तरी ते रोज सकाळी साडेआठला काचेच्या मापाने पाणी मोजतात, कितीतरी वर्षांची सवय. त्या दिवशी 23.4 मिमी. यंत्राकडे 2:40 पर्यंतचे 9.2 होते. पहाटेच पाऊस थांबला होता, म्हणजे उरलेले 14.2 मिमी त्या 34 चौकटींमध्येच कुठेतरी पडले.

"बाकीच्या पाच जणांचा पाऊस बघून वाटून टाकता येतील का गं?" त्यांनी विचारलं.

"नको काका. आपल्याकडे सर नेमकी किती वाजता आली ते कोणी पाहिलेलं नाही."

"खरंय. मी झोपलो होतो."

चौकटी रिकाम्या ठेवल्या. दिवसाच्या बेरजेत 23.4 लिहिले आणि शेऱ्यात: हाताने मोजलेले, काकांची वही.