साडेपाच मीटरच्या गाठी

रविवार, रात्रीचे साडेदहा

पायांना तेल लावून बसलोय. डाव्या पोटरीत आलेला गोळा जायला तयार नाही. बायकोनं विचारलं, "अहो, मिळाले किती?" म्हटलं, पेट्रोल सुटलं. "आणि शिव्या?" त्यांचा हिशोब लागेना म्हणून वही काढली.

आज पहिल्यांदा फुटबॉलचा रेफ्री म्हणून पलीकडं शिट्टी मारली. पलीकडं म्हणजे कर्नाटकात, कागवाडच्या बाजूला. म्हैसाळ सोडलं की ऊस, मग पाट्या कन्नडमध्ये होतात, की परत ऊस. १९५६ ची राज्यांची रेष ह्या उसातूनच गेलीय. सीमाप्रश्न पेटला की एसटी बंद होते. दुधाचे कॅन, मोटारसायकली आणि सोयरेधायरे मात्र चालूच असतात. माझी आत्याच शेडबाळला दिलीय. सुट्टीत तिच्याकडं राहून कन्नड कळायला लागलं, बोलता अजून नीट येत नाही. आज ते कळत नसतं तर बरं झालं असतं.

रेफ्री झालो ते गुडघ्याच्या कृपेनं. कॉलेजात असताना शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघायला मिरजेहून कोल्हापूर गाठायचो, तिथं फुटबॉलचं याड लागलं. पस्तिशीत गुडघा गेला. खेळता येईना आणि घरी बसवेना. मग दोन दिवसांचा वर्ग केला, सतरा नियम पाठ केले, पेपर दिला. पेपरात एक प्रश्न होता: थ्रो-इनवर, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातानं आत फेकल्यावर, तो थेट घेतला तर ऑफसाइड होतो का? (ऑफसाइड म्हणजे पास येताना समोरच्या डिफेंडरांच्या मागं आधीच जाऊन उभं राहणं.) मी झोकात लिहिलं, नाही. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, ह्या तिन्हींवर थेट बॉल घेतला तर ऑफसाइड नाही. पूर्ण मार्क मिळाले. हा प्रश्न इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.

सकाळी सातलाच पोचलो. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा, एका कडेला बाभळी. फक्कीचं पोतं होतं, पण मापाला टेप कुणाकडंच नाही. मी घरून सुतळी नेली होती. वर्गातल्या सरांनी दाखवलेली युक्ती: सुतळीला दर साडेपाच मीटरवर एक गाठ मारायची. पहिल्या गाठीवर लहान डी, म्हणजे गोलपुढची लहान चौकट, दुसऱ्या गाठीवर, म्हणजे ११ मीटरवर, पेनल्टीचा ठिपका, तिसऱ्या गाठीवर, १६.५ ला, मोठी डी, म्हणजे मोठी चौकट. एक पोरगं गोलच्या रेषेवर टोक धरून बसलं, मी दुसरं टोक घेऊन मागं मागं जात राहिलो आणि एक म्हातारबाबा आमच्या मागून चिमटीनं फक्की सोडत आले, रांगोळी घालावी तशी. रेष इतकी सरळ आली की त्यावर पाय द्यायला जीवावर येत होतं. म्हातारबाबांनी फक्की धोतराला पुसली आणि विचारलं, "कुठलं गाव?" म्हैसाळ म्हटल्यावर नुसतं "हां" म्हणाले. त्या "हां"चा अर्थ दुपारी लागला.

मॅच सरावाचीच, म्हैसाळची पोरं विरुद्ध तिकडची पोरं. लाइनमन दोन्ही संघांचा एकेक, झेंडा फक्त बॉल बाहेर गेला की वर करायचा. बाकी सगळं माझ्यावर.

पहिला हाफ बरा गेला. आमच्या एका डिफेंडरनं मागून पाय घातला, त्याला पिवळं कार्ड दाखवलं, तर रेषेवरचं एक बारकं पोरगं नाचायला लागलं, "हळदी! हळदी!" क्षणभर कुणाचं लग्न निघालंय असं वाटलं. मग आठवलं, कन्नडमध्ये पिवळ्याला हळदीच म्हणतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि मी ती पलीकडं जाऊन फुकट वाटतोय. ही कार्डं आली ती १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून. केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफ्रीला सिग्नलचे दिवे बघून कल्पना सुचली होती, रेफ्रीची भाषा न समजणाऱ्या खेळाडूलाही कळावं म्हणून. कार्ड कळतं, खरंय. पण काही गोष्टींना कार्डच नाही.

शेवटची दहा मिनिटं. म्हैसाळ १-० नं पुढं. तिकडच्यांचा थ्रो-इन. त्यांचा स्ट्रायकर आमच्या डिफेंडरांच्या मागं, डीच्या आत, एकटा. बॉल थेट त्याच्याकडं. आमच्या चौघांनी हात वर केले, "ऑफसाइड!" आणि मी शिट्टी मारली.

शिट्टी ओठातून सुटायच्या आत मला पेपर आठवला. पोरानं तोवर बॉल जाळ्यात घातला होता आणि माझ्याकडं बघत होता.

खेळ सुरू व्हायच्या आधी निर्णय बदलता येतो. पण शिट्टीनंतरचा गोल देता येत नाही. ड्रॉप बॉल द्यायचा, म्हणजे रेफ्रीनं हातातला बॉल खाली सोडून खेळ परत सुरू करायचा, आणि बॉल डीमध्ये असताना खेळ थांबला असेल तर तो गोलकीपरलाच. म्हणजे चूक कबूल केली तरी बॉल म्हैसाळचा, नाही केली तरी म्हैसाळचाच. ऑफसाइड म्हणून दामटलं असतं तर निम्म्या लोकांना पटलंही असतं. मी त्यांच्या कॅप्टनला बोलावून सांगितलं, "ऑफसाइड नव्हता. चूक माझी. ड्रॉप बॉल." तो म्हणाला, "मग गोल द्या की." म्हटलं, येत नाही देता.

बाभळीखालून आवाज आला, "कण्ण काणंगिल्लेन री?" दिसत नाही का रे बाबा. दुसरा मराठीतच म्हणाला, मला कळावं म्हणून, "महाराष्ट्राचा हाय, त्यो कशाला देतोय!"

आता खरं लिहितो. ते ऐकून मला बरं वाटलं. राग आला नाही, बरं वाटलं. पक्षपाती म्हणतायत म्हणजे नियम माहीत असून मुद्दाम केलं असं धरतायत. दोन दिवसांचा वर्ग करून आलेला माणूस चार पोरांच्या ओरडण्याला फसला, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळा दोष १९५६ च्या रेषेवर गेला आणि मी तो जाऊ दिला.

मॅच १-० नंच संपली. कॅप्टननं हात मिळवला, पण बघितलं दुसरीकडं. म्हातारबाबांनी चहा दिला, साखर दाबून घातलेला. पुढच्या रविवारचं कुणी काढलं नाही.

सोमवार, सकाळ

कॅप्टनचा मेसेज आला. "थ्रो-इनचं बरोबर होतं तुमचं. मोबाइलवर बघितलं. रविवारी या. सुतळी आणा."

अंगणात सुतळी शोधली. आईनं चार-पाच हात कापून रेडकाला बांधलीय. कुठलं टोक म्हणून बघायला गेलो, तर तिसरी गाठ रेडकाच्या गळ्यात.