पायथन शिका, पण स्वतःच्या फायलीवर

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात रसायन किंवा भौतिकीचं संशोधन करता करता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्वतःच शिकत असाल, तर सरावाची उदाहरणं लवकर सोडा आणि आपल्या स्पेक्ट्रोमीटरची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल) उघडा. मूळ फाइल आधी फक्त वाचता येईल अशी करून ठेवा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह तर मुळीच करू नका. एक्सेल तारखेसारखा दिसणारा मजकूर आपोआप बदलतं; त्यामुळे 'मार्च१'सारख्या जनुकांच्या नावांच्या जागी तारखा होत. २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरणाचे नियम सुधारले, तेव्हा याचाही विचार करावा लागला.

मोजमाप हुकलं की काही यंत्रं -९९९ लिहितात. फाइल वाचताना पांडाजला (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) -९९९ म्हणजे आकडाच नाही हे सांगितलं नाही, तर सरासरी गुपचूप बिघडते.

सगळ्यात फसवं प्रकरण नमपायचं, म्हणजे आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीचं. पायथनच्या लिस्टचा तुकडा काढला की नवी प्रत मिळते. नमपायच्या ॲरेचा (आकड्यांच्या मांडणीचा) तुकडा मात्र मूळच्याच मेमरीवर बसलेला असतो. त्या तुकड्यातून जागच्या जागी बेसलाइन (सिग्नलखालची पार्श्वभूमीची पातळी) वजा केली की मूळ आकडेही बदलतात, आणि एररसुद्धा येत नाही. तिथे आधी कॉपी घ्याच.

आणि ०.१ + ०.२ हे ०.३ बरोबर ठरत नाही, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. तुलना 'इजक्लोज'ने (isclose, दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते पाहणारं फंक्शन) करा.