रॉडिकला खरोखर संधी होती का?

५ जुलै २००९ रोजी झालेल्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्याचा विषय निघाला की मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो: स्वित्झर्लंडच्या रॉजर फेडररपुढे अमेरिकेच्या अँडी रॉडिकला खरोखर संधी होती, की हरणाऱ्याची बाजू घेण्याची तुम्हाला सवयच आहे? विचारणाऱ्यांत घरचे आहेत, कार्यालयातले आहेत, वर्षानुवर्षे माझ्याबरोबर टेनिस पाहणारे स्नेही आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते. आजवर मी एखादे वाक्य बोलून विषय बदलत आलो, कारण खरे उत्तर चहा संपेपर्यंत देता येण्यासारखे नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

संधी होती. ती किती होती हेही सांगतो. ती नेमकी कुठे गेली, याबद्दल मात्र माझे माझ्याशीच अजून एकमत झालेले नाही.

तुम्ही जे आकडे माझ्यापुढे टाकता ते मला पाठ आहेत. त्या दिवसापूर्वी दोघांमध्ये झालेल्या २० सामन्यांपैकी १८ फेडररने जिंकले होते. २००४ आणि २००५ च्या विम्बल्डनचे अंतिम सामने आणि २००६ च्या अमेरिकन ओपनचा अंतिम सामना रॉडिक त्याच्याचकडून हरला होता. फेडररची ती विम्बल्डनमधली सलग सातवी अंतिम फेरी होती आणि रॉडिकच्या नावावर २००३ ची अमेरिकन ओपन एवढे एकच ग्रँड स्लॅम विजेतेपद होते. हे सगळे मान्य करूनही मी म्हणतो की १८ विरुद्ध २ ही झालेल्या गोष्टींची नोंद आहे. ती पुढच्या सामन्याचे भाकीत म्हणून वाचायची असेल, तर सामना खेळवण्याचे कारणच उरत नाही.

दुबळ्या खेळाडूची खरी अडचण समोरच्या माणसाइतकीच टेनिसच्या गुणपद्धतीत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही. आखाड्यात लहान मल्लाचा एक डाव अचूक बसला, तर मोठा मल्ल चीतपट होतो आणि कुस्ती तिथेच संपते. टेनिसमध्ये चीतपट नाही, बरोबरी नाही, आणि पुढे असलेल्याला वेळ काढून सामना संपवण्याचीही सोय नाही. शेवटचा गुण स्वतःच जिंकावा लागतो. २०२४ साली डार्टमाउथ कॉलेजात पदवीदान समारंभाच्या भाषणात खुद्द फेडररने सांगितले की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पण एकूण गुणांपैकी फक्त ५४ टक्के. गुणागणिक असलेली एवढीशी आघाडी गुण मिळून होणाऱ्या गेममध्ये मोठी होते, गेम मिळून होणाऱ्या सेटमध्ये आणखी मोठी होते आणि पाच सेटच्या सामन्यात जवळजवळ अभेद्य होते. समजा, एखाद्याला कोणताही एक सेट जिंकण्याची शक्यता १०० त ३० आहे. तीन सेटच्या सामन्यात तो साधारण २२ टक्के वेळा जिंकेल, पाच सेटच्या सामन्यात ही शक्यता १६ वर येते. सामना जितका लांब, तितका तो बलवानाचा.

म्हणून अशा सामन्यात दुबळ्यापुढे दोनच मार्ग उरतात असे मला वाटते. एक म्हणजे खेळच बदलून टाकणे. १९७५ च्या विम्बल्डनला आर्थर अॅशने जिमी कॉनर्सविरुद्ध तेच केले. कॉनर्स गतविजेता होता, एकही सेट न गमावता अंतिम फेरीत आला होता, आणि त्याआधीच्या तिन्ही भेटींत त्याने अॅशला हरवले होते. बत्तिशीला टेकलेल्या अॅशने आपली नेहमीची जोरकस फटकेबाजी बाजूला ठेवली, कॉनर्सला हवा असलेला वेग त्याला मिळूच दिला नाही, त्याच्या फोरहँडकडे मंद आणि खाली राहणारे चेंडू दिले, कोर्टाबाहेर खेचणारी सर्व्हिस केली, आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा सामना घेतला. तोही ५ जुलैच होता आणि अॅशलाही रॉडिकसारखेच सहावे मानांकन होते. या योगायोगाला मी काही अर्थ लावत नाही, पण तो विसरूही शकत नाही.

दुसरा मार्ग खेळ लहान करण्याचा. आपली सर्व्हिस प्रत्येक वेळी राखायची, म्हणजे आपण सर्व्हिस करत असलेली गेम हरायची नाही, समोरच्याला लांब रॅलींमध्ये लय सापडू द्यायची नाही, प्रत्येक सेट टायब्रेकपर्यंत (६-६ गेम झाल्यावर सेट ठरवणारी, किमान सात गुण आणि दोनची आघाडी लागणारी गेम) न्यायचा, आणि सगळा सामना दहाबारा गुणांवर आणून ठेवायचा, कारण इतक्या थोड्या गुणांत ५४ आणि ४६ यांतला फरक फारसा उरत नाही. रॉडिकचा मार्ग हा होता आणि त्या वर्षी त्यासाठी लागणारी तयारी त्याच्याकडे होती. लॅरी स्टेफँकी या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने वजन उतरवले होते, पायांची हालचाल सुधारली होती, आणि ज्या बॅकहँडवर फेडररने त्याला अनेक वर्षे कोंडून ठेवले होते, तो आता रेषेलगत सरळ जाऊ लागला होता. उपांत्य फेरीत त्याने अँडी मरेला मरेच्याच देशात, घरच्या प्रेक्षकांसमोर हरवले होते. हा दैवयोगाने अंतिम फेरीत आलेला खेळाडू नव्हता.

पहिला सेट त्याने ७-५ असा जिंकला, तोही बाराव्या गेममध्ये फेडररची सर्व्हिस भेदून. दुसरा सेट टायब्रेकमध्ये गेला आणि रॉडिक ६-२ असा पुढे गेला. चार सेट पॉइंट, म्हणजे पुढच्या चारपैकी एक गुण घेतला की सेट त्याचा. तुमच्यापैकी प्रत्येकजण इथे येऊन थांबतो, म्हणून मीही थांबतो.

६-२ वर सर्व्हिस रॉडिकची होती. पायांशी आलेला चेंडू फेडररने बॅकहँडच्या अर्ध्या व्हॉलीने, म्हणजे टप्पा पडताक्षणी मारलेल्या फटक्याने, कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला तिरका काढून दिला. तो फटका शिकवता येत नाही, आणि तो बसला म्हणून समोरच्याला दोषही देता येत नाही. पुढचे दोन गुण फेडररच्या सर्व्हिसवर होते. त्याने ते घेतले. अजून काहीच बिघडलेले नव्हते. ६-५ वर सर्व्हिस पुन्हा रॉडिकची, म्हणजे सेट घ्यायला याहून चांगली जागा मागून मिळाली नसती. फोरहँड मारून तो जाळ्यापाशी धावून गेला. फेडररचा परतीचा फटका उंच आला, रॉडिकच्या बॅकहँडच्या बाजूला, खांद्याच्या वर. त्या दिवशी वारा होता. नंतर रॉडिकने सांगितले की चेंडू आधी बाहेर जाईल असे त्याला वाटले होते, म्हणून तो सोडण्याच्या बेतात होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी तो आत पडेल असे दिसले. तोपर्यंत रॅकेट वळवायला अवकाश उरला नव्हता. समोर कोर्ट मोकळे होते आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) बाहेर गेली, थोडीथोडकी नव्हे, चांगली बाहेर गेली. ६-६. नंतरचे दोन्ही गुण फेडररचे. सेट ८-६ ने गेला.

भारतात त्या वेळी रविवारची संध्याकाळ होती आणि आमच्या घरी जेवणाची हाक येत होती. मी उठलो नाही, बोललोही नाही, आणि ती व्हॉली त्यानंतर मी कितीदा पाहिली हे सांगण्यात अर्थ नाही. दर वेळी रॉडिकने हात पुढे करण्यापूर्वी मला वाटते की आता तो चेंडू सोडून देईल. सोडला असता तर तो आत पडला असता की बाहेर, याचा निवाडा चित्रफितीवरून करण्याचा माझा हट्ट घरच्यांनी कधीच सोडून दिला आहे. माझा सुटलेला नाही.

आता संधीचा हिशेब. प्रत्येक गुण अगदी समसमान धरला, तरी ६-२ वरून सेट गमावण्यासाठी ३२ मध्ये एक इतकीच शक्यता असते. तो सेट मिळाला असता तर रॉडिक दोन सेटने पुढे असता, आणि उरलेल्या प्रत्येक सेटमध्ये त्याला १०० त ३० एवढीच आशा धरली, तरी फेडररला सलग तीन सेट जिंकणे ३४ टक्केच जमले असते, म्हणजे रॉडिकचे पारडे ६६ टक्के. सेट गेल्यावर त्याच गणिताने ते २२ टक्क्यांवर येते. सेट एकमेकांपासून सुटे धरण्याचे हे गणित आहे आणि माणसे तशी खेळत नाहीत, हे मलाही कळते. तरी ज्याला संधी नव्हती असे तुम्ही म्हणता, तो एका व्हॉलीच्या अंतरावर सामन्याचा संभाव्य विजेता होता, एवढे त्यातून दिसते.

यावर तुम्ही म्हणता की हेच तर आहे, मोक्याच्या वेळी तो कोसळला, आणि मोठा खेळाडू व लहान खेळाडू यांतला फरक हाच. इथे माझा संयम सुटतो. कोसळलेला माणूस तिसरा सेट पुन्हा टायब्रेकपर्यंत नेत नाही. तो ७-५ ने गमावल्यावर चौथा सेट ६-३ ने घेत नाही, आणि पाचव्या सेटमध्ये ३० गेम खेळत नाही. त्या दिवशी रॉडिकने लागोपाठ ३७ वेळा आपली सर्व्हिस राखली. ती भेदली गेली फक्त एकदा, सामन्याच्या ७७ व्या आणि शेवटच्या गेममध्ये. फेडररची सर्व्हिस त्याआधी दोनदा भेदली गेली होती. ७७ पैकी ३९ गेम रॉडिकने जिंकले आणि ३८ फेडररने. ५० बिनतोड सर्व्हिस उडवणारा फेडरर विजेता झाला, त्याचे पंधरावे ग्रँड स्लॅम झाले, पीट सॅम्प्रसचा चौदा विजेतेपदांचा विक्रम मोडला, आणि तो पाहायला सॅम्प्रस स्वतः आला होता. पारितोषिक घेताना रॉडिकने त्यालाच उद्देशून माफी मागितली की मी याला थोपवायचा प्रयत्न केला. असे बोलणाऱ्या माणसाला तुम्ही कोसळलेला म्हणता.

तरी काही गोष्टी मान्य करतो. माझी बाजू शुद्ध न्यायबुद्धीची कधीच नव्हती. फेडररच्या खेळात कष्ट दिसत नसत आणि मला त्याचा राग येत असे. रॉडिकच्या प्रत्येक फटक्यात ते दिसत आणि म्हणून तो मला आपला वाटे. सौंदर्याला सहज मिळणाऱ्या टाळ्यांबद्दलचा हा आकस आहे, आणि तुम्ही तो ओळखला असेल तर माझी हरकत नाही.

शिवाय माझे मत एकच राहिलेले नाही. २००५ चा अंतिम सामना ६-२, ७-६, ६-४ असा संपला तेव्हा मीच सगळ्यांना सांगत होतो की बॅकहँड नसलेल्या माणसाला फेडररपुढे कधीच संधी मिळणार नाही. २००९ च्या त्या रात्री मी तितक्याच ठामपणे म्हणत होतो की ती व्हॉली लागली असती तर कप त्याचाच. पहिला मी दुसऱ्याला विचारतो, की १०-१२ गुणांवर सामना आणला आणि ते गुण फेडररने घेतले, तर त्याला नशीब कसे म्हणायचे? त्या दिवशीचे दोन्ही टायब्रेक त्याचेच होते. आता पाचव्या सेटला ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक असतो. त्या नियमाने सामना लवकर संपला असता, माझ्याच सिद्धांताप्रमाणे रॉडिकच्या फायद्याचा ठरला असता, आणि तरीही तो नियम त्या दिवशी असावा असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

माझ्या या दोन्ही मतांना अडचणीत टाकणारा सामना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाला. जानेवारीत मेलबर्नला हुआन मार्टिन देल पोत्रो फेडररकडून ६-३, ६-०, ६-० असा हरला होता; दोघांच्या सहाही लढती फेडररने जिंकल्या होत्या, आणि फेडरर सलग पाच वर्षे अमेरिकन ओपनचा विजेता होता. वीस वर्षांच्या देल पोत्रोने त्याला तिथल्या अंतिम सामन्यात पाच सेटमध्ये हरवले, तेही दोन सेटला एक असे मागे पडून. मागच्या लढतींचा हिशेब निरर्थक असतो याचा यापेक्षा चांगला दाखला मला नको होता. पण तो त्याचा पहिलाच ग्रँड स्लॅम अंतिम सामना होता. फेडररविरुद्ध अंतिम सामना हरणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते आणि रॉडिकला तीनदा ठाऊक झाले होते. मग त्या उंच चेंडूखाली उभा असताना आधीचे तीन पराभव रॉडिकच्या मनगटात होते का? तुम्ही हे विचारले असते, तर मला इतके सोपे उत्तर देता आले नसते.

आणखी एक गोष्ट तुम्ही कधी विचारत नाही. पाचव्या सेटमध्ये ८-८ वर फेडररच्या सर्व्हिसवर रॉडिक १५-४० असा पुढे होता. दोन ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्हिस भेदण्याच्या दोन संधी. त्यांतला एक जरी मिळाला असता, तर पुढचा गेम रॉडिकच्या सर्व्हिसवर, आणि ती सर्व्हिस तोवर एकदाही भेदली गेली नव्हती. टायब्रेकमधल्या सेट पॉइंटपेक्षा विजेतेपद तिथे जास्त जवळ होते. त्या दोन गुणांवर रॉडिकच्या हातून कोणतीही ठळक चूक दिसत नाही, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. आणि मलाही, इतकी वर्षे व्हॉलीवर भांडल्यावर, त्यांच्याबद्दल काय भांडावे ते सुचत नाही.