सरहद्दीवरचा तलाठी

वसाहत वसवणारा म्हटला की डोळ्यांसमोर घोडा येतो, खांद्यावरची बंदूक येते, मागून धुरळा उडवत येणारे गाड्यांचे तांडे येतात. टेक्सासच्या स्टीफन ऑस्टिनबद्दल वाचताना मला मात्र सारखा तलाठीच दिसत राहिला.

परवानगी मुळात त्याच्या वडिलांची. व्यापारात बुडालेले मोझेस ऑस्टिन १८२० च्या डिसेंबरात सान अँटोनिओला गेले. टेक्सास तेव्हा स्पेनचा मुलूख. तिथं तीनशे अमेरिकन कुटुंबं आणून वसवतो, म्हणाले. गव्हर्नरनं उभंच केलं नाही. परत निघताना चौकात जुन्या ओळखीचे बॅरन द बास्ट्रॉप भेटले, त्यांनी आत जाऊन शब्द टाकला आणि अर्ज पुढे सरकला. हे बॅरन म्हणजे हॉलंडमध्ये अफरातफरीचा आळ आल्यावर पळालेले करवसुलीदार. पदवी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. कचेरीतली कामं सगळीकडे अशीच होत असावीत.

पुढच्या वर्षी वडील गेले आणि सत्तावीस वर्षांच्या स्टीफनच्या गळ्यात हे लोढणं पडलं. त्याच साली मेक्सिको स्वतंत्र झाला, म्हणजे स्पेनचा कागद रद्दी. स्टीफन मेक्सिको सिटीला गेला, स्पॅनिश शिकला, खेटे घालत वर्षभर तिथंच राहिला. १८२३ च्या जानेवारीत मेक्सिकोचा सम्राट इतुर्बिदेनं वसाहतीचा कायदा मंजूर केला आणि मार्चमध्ये सम्राटच गादीवरून उतरला! एप्रिलमध्ये काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, पुन्हा मंजुरी.

जमीन मात्र भरघोस होती. शेती करणाऱ्या कुटुंबाला १७७ एकर, गुरं पाळणाऱ्याला ४,४२८ एकर. साहजिकच एकजात सगळे गुरं पाळणारे निघाले. अमेरिकेत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर, तीही रोख. इथं ऑस्टिन मोजणी आणि कागदपत्रांसाठी एकरी साडेबारा सेंट मागत होता. तरी लोकांनी तक्रारी केल्या. आपण नोंदी ठेवायच्या, भांडणं सोडवायची, आणि हा आपल्या जिवावर गब्बर होतोय असं ऐकून घ्यायचं. शेवटी सान अँटोनिओच्या अधिकाऱ्यानं त्याची फीच रद्द केली. मला इथं त्याची दया येते.

पण ती पुरती येत नाही. त्याच्या सुरुवातीच्या अटींमध्ये आणखी एक कलम होतं: आणलेल्या प्रत्येक गुलामामागे ८० एकर जादा. १८२५ च्या गणतीत वसाहतीत सुमारे १,८०० माणसं, त्यातली ४४३ गुलाम. जमिनीच्या या वहीत त्यांच्या नावावर काही चढलं नाही. किनाऱ्यावरच्या कारंकावा या मूळ रहिवाशांच्याही नाही. त्यांना तर हुसकावूनच लावलं. मेक्सिकोनं १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली तेव्हा टेक्सासला सवलत मिळाली, आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत हा सभ्य, मवाळ माणूस होताच. सुवाच्य अक्षरात काय काय लिहिता येतं!

निष्ठा त्यानं मेक्सिकोला वाहिली होती. शेजारच्या अमेरिकनांनी १८२६ च्या अखेरीस बंड केलं, तेव्हा स्वतःची माणसं घेऊन तो सरकारच्या बाजूनं उभा राहिला. पुढे वसाहतीची गाऱ्हाणी मांडायला राजधानीत गेला आणि १८३४ मध्ये तुरुंगात पडला. बाहेर पडून टेक्सासला परतेपर्यंत मेक्सिकोशी जमवून घ्यायचं त्याचं मत उडालं होतं.

टेक्सास लढून मेक्सिकोपासून वेगळा झाला आणि १८३६ च्या सप्टेंबरात या नव्या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. युद्धातला सेनापती सॅम ह्यूस्टनला ५,११९ मतं, ऑस्टिनला ५८७. ज्यांचे उतारे यानं स्वतः करून दिले, त्यांतल्या कितीकांनी मत दुसरीकडे टाकलं असेल? ह्यूस्टननं त्याला परराष्ट्रमंत्री केलं. त्या दिवसांत त्यानं एका पत्रात लिहिलं की अख्ख्या टेक्सासमध्ये स्वतःचं म्हणावं असं एक छप्पर आपल्याला नाही. होतं तेवढं घर युद्धात सान फेलिपेबरोबर, वसाहतीच्या मुख्य गावाबरोबर, जळालं. दुसऱ्याच्या घरी राहून तो थंडीत कागद हातावेगळे करत होता. डिसेंबरात न्यूमोनियानं गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याच महिन्यात टेक्सासच्या काँग्रेसनं जमिनीच्या नोंदींसाठी एक सरकारी कचेरी काढायचं ठरवलं. त्याची जुनी स्पॅनिश दप्तरं आज तिथंच आहेत.